आंबा यंदा कमी आहे

कराड मागं पडलं की आमच्या गाडीत सगळे गप्प होतात. पुण्यापासूनच्या गप्पा संपलेल्या असतात, चिवड्याच्या डब्यात नुसते खोबऱ्याचे काप उरलेले असतात, आणि पेठ नाक्यावर डावीकडं वळायला अजून अर्धा तास असतो. गेल्या डिसेंबरात मिरजेला एका लग्नाला निघालो होतो. शेजारच्या सीटवर लेक. तिनं फोन गाडीला जोडला आणि ‘बाबा, तुझ्या काळातलं लावते’ म्हणून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘विश यू वेअर हिअर’ लावलं. आधी रेडिओचं बटण कुणीतरी फिरवतंय अशी खरखर. मग जुन्या ट्रान्झिस्टरमधून यावा तसा बारा तारांच्या गिटारचा बारीक, लांबचा आवाज. आणि दुसरी, जवळची गिटार सुरू व्हायच्या आधी एक खोकला. लेकीनं मान वळवून मागं आईकडं बघितलं. “कोण खोकलं?” मी समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरला हॉर्न देता देता, जराही विचार न करता म्हणालो, “दादाकाका.”

गाडीत क्षणभर शांतता.

“दादाकाका पिंक फ्लॉइडमध्ये होता?”

बायको हसली, मीही हसलो. पण ट्रॅक्टरला ओलांडून पुढं गेल्यावरही ते उत्तर काही मागं पडेना. कारण मी गंमत केली नव्हती. हा खोकला कुणाचा, असं प्रश्नमंजूषेत विचारलं असतं तर मी ताबडतोब डेव्हिड गिल्मर, त्यांचा गिटारवाला, म्हणालो असतो. याच नावाच्या त्यांच्या अल्बमवर इतकं वाचलंय, इतकं ऐकलंय, इतक्या जणांना पकडून बोअर केलंय. डोक्याला ते पक्कं ठाऊक होतं. कानाला नव्हतं. कान अजून चौऱ्याण्णव साली मिरजेच्या आमच्या मधल्या खोलीत बसला होता आणि त्याच्या मते खोकला दादाचाच होता.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. पुण्याला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करायचा. मी अकरावीत, सायन्सला, ओठावर मिसरूड. दिवाळीत तो आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत एक साठ मिनिटांची टीडीकेची कॅसेट होती. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं, तिरक्या, घाईच्या अक्षरात पाच नावं. वर मुखपृष्ठ नाही, खाली काही नाही. “ऐक, पण आवाज बारीक ठेव, मामा ओरडतील,” एवढंच तो म्हणाला आणि फराळाला गेला. भाऊबीज झाल्यावर तो परत गेला, कॅसेट राहिली. ती त्याची आठवण होती, त्याचा विश्वास होता, मोठ्या जगाकडून मला आलेलं बोलावणं होतं. सोळाव्या वर्षी एका कॅसेटला किती अर्थ चिकटवता येतात!

आमच्याकडं टू-इन-वन होता. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत. त्यामुळं अल्बममधल्या अर्ध्या करामती मला भरतानाच्या चुका वाटल्या. ‘हॅव अ सिगार’, ते सिगारचं गाणं, ऐन रंगात असताना एकदम कुणीतरी नरडं दाबावं तसा आवाज चिपतो आणि खरखरीत जातो. मला वाटलं, इथं दादाकडून बटण फिरलं. मग रेडिओची स्टेशनं येतात-जातात, कुठं माणसं बोलतात, कुठं क्षणभर मोठा वाद्यवृंद वाजून नाहीसा होतो. मी म्हटलं, दादाचा टेप रेडिओवर गेला वाटतं. मग खोकला, नाक ओढल्याचा आवाज. हॉस्टेलवर थंडी असणार, दादाला सर्दी झालेली असणार. तो वाद्यवृंद चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीतला होता आणि तो रेडिओ गिल्मरच्या मोटारीतला, हे पुढं कधीतरी वाचलं. पण तोवर माझ्या डोळ्यांसमोरचं चित्र वाळून घट्ट झालं होतं: लोखंडी कॉट, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल, आणि कॅसेट भरताना आवाज येऊ नये म्हणून श्वास धरून बसलेला दादा. शेवटी त्याला खोकला आवरत नाही. मला ती चूक फार आवडायची. गाण्याआधी तेवढा एकच आवाज माझ्या ओळखीचा होता.

शब्द कळायचे नाहीत. आठवीपर्यंत इंग्रजी म्हणजे व्याकरणाची वही, आणि इथं माणूस तोंडात सुपारी धरल्यासारखा गायचा. मशीनचं गाणं, ‘वेलकम टू द मशीन’, मात्र एका शब्दाविना कळलं. माझ्या मामांचे इचलकरंजीत चार माग होते. सुट्टीत शेडमध्ये गेलं की आधी तो आवाज पायातून वर चढायचा, मग कानात शिरायचा. रात्री घरी येऊन झोपलो तरी गादीतून ऐकू यायचा. ए साइडचं दुसरं गाणं सुरू झालं आणि त्या सिंथेसायझरचं धडधडणं ऐकून मी चक्क उठून बसलो. ही तर मामांची शेड! वर तो माणूस गयावया करावी तसा ओरडत होता, आणि मला मागावर रात्रपाळी करणारी, डोळे लाल झालेली माणसं दिसत होती. रेकॉर्ड कंपन्यांवरचा राग वगैरे त्या गाण्यात आहे हे नंतर कळलं. कळलं तेव्हा खरं सांगायचं तर थोडा हिरमोड झाला. इचलकरंजीपुढं ते दुःख मला जरा श्रीमंतांचंच वाटलं.

आणि त्याच्या आधीचं ते लांबलचक पहिलं गाणं, ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. गाणं कसलं, साडेआठ मिनिटं होऊन जातात तरी कुणी तोंडच उघडत नाही. कॉलेजातल्या मित्रांना ऐकवलं तर ते ‘पुढं ढकल की’ म्हणायचे. ढकलायचं नाही हे मला शिकवलं ते सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी. गच्चीवर, ओट्यावर, जिन्यात भोपळे वाळत पडलेले असायचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, काही एवढे मोठे की आत लहान मूल मावावं. लाखेचा वास, पॉलिशचा वास, आणि दिवसभर कुणीतरी एकाच तारेवर बोट मारत बसलेलं. चाचा जवारी लावायचे, म्हणजे तारेचा झंकार जुळवायचे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस इतकी हलकी फिरवायचे की बघणाऱ्याला ते नुसते घोडीला कुरवाळताहेत असं वाटे. मग तार छेडायची, ऐकायचं, परत दोन हात कानस. एकदा मी टू-इन-वन उचलून त्यांच्या ओट्यावर नेला. मला त्यांच्यावर छाप पाडायची होती, आणि थोडी भीतीही होती, की हे गोंधळ म्हणून हसतील.

हसले नाहीत. सुरुवातीचा तो अंधारातून हळूहळू वर येणारा एकच सूर सुरू झाला तसे त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. “तंबोरा धरलाय,” म्हणाले. मग म्हणाले, “काचेचा आवाज हाय ह्यात.” मी म्हटलं, चाचा, काच कसली, हे सगळं इलेक्ट्रिक असतं. ते काही बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की त्या सुरुवातीला खरोखरच काचेचे पेले आहेत. १९७३ च्या अखेरीस या लोकांच्या डोक्यात आलं होतं की वाद्यांना हातच लावायचा नाही, घरातल्या वस्तूंवर पूर्ण अल्बम करायचा. रबरबँड ताणून, पेल्यांच्या कडांवरून ओलं बोट फिरवून. ते जमलं नाही, सोडून दिलं, पण पेल्यांचा तो सूर त्यांनी इथं वापरला. आपलं जलतरंगच की, फक्त काडीऐवजी बोटानं. हे वाचलं तेव्हा चाचा जाऊन तीन वर्षं झाली होती.

मग त्या चार सुरांच्या जागी आम्ही पोचलो. ज्यांनी ऐकलंय त्यांना कुठले चार ते सांगायला नको. गिटार एकटी, भोवती मोकळी जागा, आणि चार सूर हवेत टांगलेले. चाचांनी हातानं थांब म्हटलं, टेप मागं घ्यायला लावली. तीनदा. पेटीवर सूर शोधला. “काळी तीनच्या वर आणि पांढरी पाचच्या खाली. तुझं यंत्र उतरलंय.” खरं होतं, आमचा टेप जरा रेंगाळायचा, मूळ गाणं पांढरी पाचमधलं आहे. मग पुटपुटले, “गंधार कोमल, निषाद कोमल, सा... आणि धैवत शुद्ध लावला गड्यानं.” थोडा वेळ गप्प. “काफीत बसतंय तसं. पण त्यो धैवत काळजात घुसतोय.” नंतर गायकाचा आवाज यायला इतका वेळ का लागतो असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं कीव करावी तसं बघितलं. “मीरासाहेबांच्या उरुसाला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सभेला, दर्ग्यात बसतोस न्हवं रात्रभर? बंदिश लगीच येती व्हय?”

त्या दिवसापासून मी पुढं ढकललं नाही. आजही ढकलत नाही.

बाकी घरात या कॅसेटला मान नव्हता. वडील म्हणायचे, हा माणूस गातोय की कण्हतोय. आजी मात्र एकदा दाराशी थांबली आणि तिनं विचारलं, नाव काय रे गाण्याचं. मी सांगितलं. म्हणजे काय? मला धड सांगता येईना. ‘तू इथं असतास तर बरं झालं असतं’ असं काहीतरी पुस्तकी बोललो. आजी म्हणाली, “म्हणजे, ‘आज हे हवे होते’.” एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. हे वाक्य तिचं नेहमीचं होतं. आत्याच्या लग्नात अक्षता पडल्यावर, माझा दहावीचा निकाल लागल्यावर, नवं घर बांधलं तेव्हा पायरीवर नारळ फोडून झाल्यावर, ती पदरानं डोळे टिपत तेच म्हणायची. आज हे हवे होते. आपल्याकडं प्रत्येक शुभकार्यात कुणीतरी ते म्हणतंच, आणि मग दुसरं कुणीतरी विषय बदलून पंगतीचं विचारतं. एवढ्या साध्या वाक्यासाठी मी इंग्रजी डिक्शनरी उघडून बसलो होतो.

आता बी साइडच्या शेवटाचं सांगतो. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. संगीतावर तासन्‌तास बोलणाऱ्या मित्रांनाही नाही.

अल्बम साधारण चव्वेचाळीस मिनिटांचा. कॅसेट साठची. म्हणजे दोन्ही बाजूंना शेवटी टेप उरणार. ए साइडला ती कोरी होती. बी साइडला बँडचा कीबोर्डवाला रिचर्ड राइट शेवटचं ते एकटं वाजवतो. जुनी मैत्री संपल्यावर माणूस ज्या चालीनं घरी परततो तसलं ते वाजवणं आहे. अगदी निघता निघता तो सिड बॅरेटच्या, बँडमधून कधीच बाहेर पडलेल्या सोबत्याच्या, जुन्या गाण्यातली एक ओळ हळूच वाजवून जातो, ज्याला कळेल त्याला कळेल म्हणून. आवाज विरत जातो, विरत जातो. मग ‘खट्’. आणि एक बाई म्हणते, “...आंबा यंदा कमी आहे.”

अगदी जवळून बोलते. मागं कुठंतरी कोंबडी, आणि हापशाचा कुईकुई आवाज. मोहोर गळला म्हणते. पंप बिघडला होता तो करून घेतला म्हणते. मोठीच्या कानातल्याची घाई नाही, तुम्ही आलात की बघू. तिकडे ऊन फार असतं म्हणतात, दुपारचं फिरू नका. मध्येच थांबते, कुणाला तरी हळूच विचारते, ‘फिरतंय ना रे ते?’ आणि परत सुरू. बोली कोकणातली. दीड-दोन मिनिटं चालतं, मग नुसती खरखर. कुणीतरी कॅसेटवर बोलून पत्र पाठवलं होतं, किंवा पाठवणार होतं. घरातला कर्ता माणूस मस्कतला, कुवेतला. लिहिता येत नाही, आणि आलं तरी लिहिताना सगळं आखडतं. मग गावात कुणाकडं टेपरेकॉर्डर असेल त्याच्या पडवीत बसून बोलायचं. कोकणात हे घरोघर चालायचं. त्यातल्याच एका कॅसेटवर नंतर कुणीतरी पिंक फ्लॉइड भरला, आणि जिथं पिंक फ्लॉइड संपला तिथं ही बाई उरली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून टेप बंद केला. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं झालं. मग सवय झाली. इतकी, की माझ्यासाठी तो अल्बम राइटच्या वाजवण्यापाशी संपायचाच नाही. आंबा यंदा कमी आहे, इथंच तो संपायचा. राइट विरायला लागला की मी त्या वाक्याची वाट बघायचो. पण ही गोष्ट मी मित्रांपासून लपवायचो. चारजण जमून ऐकत असू तर बरोबर त्या जागी माझं बोट बटणावर असायचं. एकदा चुकलं. ‘आंबा’ ऐकून सगळे असे काही फुटले, की पुढं दोन महिने कॉलेजच्या कट्ट्यावर मी दिसलो की कुणीतरी बाईच्या आवाजात विचारायचं, काय, यंदा आंबा कसा आहे? सोळा-सतरा वर्षांच्या पोराला विलायती रॉक ऐकण्यातून जी काही अक्कड मिळवायची होती ती सगळी त्या एका वाक्यानं धुऊन जात होती.

म्हणून मी तिला पुसलं.

असं म्हटलं की फार क्रूर वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. मित्राची गिव्हसन गिटार महिनाभरासाठी आणली होती, बोटं सोलून निघाली होती, ते चार सूर नुकतेच हाताशी आले होते. आपलं वाजवणं भरून ऐकावं म्हटलं. कोरी टेप ए साइडला नऊ मिनिटं होती. ती मला माहीत होती. तरी मी बी साइड लावली, शेवटाशी आणली, आणि प्ले-रेकॉर्ड दोन्ही बटणं एकदम दाबली. झालं. आंबा, पंप, मोठीचं कानातलं, दुपारचं ऊन, सगळं एका दुपारी गेलं. पुढं अल्बम ऐकताना शेवटी स्वतःचीच गिटार येऊ लागली, ती मला लाजिरवाणी वाटू लागली, आणि मग मी बी साइड पूर्ण ऐकणंच सोडून दिलं.

पुढचं सगळ्यांचं होतं तसंच. नोकरी मुंबईला लागली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये पहिल्यांदा या अल्बमचं मुखपृष्ठ बघितलं: दोघं सूटबूटवाले हस्तांदोलन करताहेत आणि त्यातला एक पेटलाय. इतकी वर्षं माझ्या मनात या अल्बमचं मुखपृष्ठ म्हणजे निळ्या बॉलपेनचं तिरकं अक्षर होतं. हे चित्र मला परकं वाटलं. तो माणूस खरोखर पेटवला होता, वारा उलटा फिरला आणि त्याची मिशी होरपळली, हे कळल्यावर थोडी आपुलकी आली. सीडी घेतली. मग सुधारित आवृत्ती, मग फोनवर. दर वेळी आवाज आणखी स्वच्छ, आणखी पांढरी पाचमध्ये. गेल्या वर्षी अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा परत सगळीकडं ती सिडची गोष्ट आली. ५ जून १९७५ ला तो ॲबी रोडच्या स्टुडिओत आला, सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेला, आणि ज्याच्यावर गाणं चाललंय तोच समोर उभा असून जुन्या सोबत्यांना ओळखू आला नाही. ही गोष्ट वाचून दर वेळी माझ्या घशात काहीतरी येतं. पण खरा धक्का मला दुसऱ्याच गोष्टीनं दिला होता. त्याच इमारतीत तेव्हा स्तेफान ग्रापेली हा बुजुर्ग व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनबरोबर ध्वनिमुद्रणाला आला होता, आणि या पोरांनी त्याला बोलावून शीर्षकगीतावर वाजवून घेतलं. अल्बममध्ये ते ऐकूच येत नाही. त्यावर दुसरं काही भरलं जाऊन ते गेलं, असं ड्रमर निक मेसनलाही वाटत होतं. आणि मग ते सापडलं, २०११ साली प्रसिद्धही झालं. मी ते अंधेरीच्या एका भाड्याच्या खोलीत ऐकलं. व्हायोलिन छानच आहे, काय बोलणार. पण पूर्ण वेळ मी एकच गोष्ट घोळवत होतो. यांचं पुसलेलंसुद्धा परत येतं. कपाटं असतात, डबे असतात, त्यावर तारखा घातलेल्या असतात.

लग्नात दादा भेटला. पोट सुटलंय, केस गेलेत, व्याह्यांच्या मागं मागं फिरत होता. पंगतीत शेजारी बसलो तेव्हा मी त्याला गाडीतली गंमत सांगितली. अरे, तीस वर्षं मी तुझा खोकला समजत होतो! तो हसला, पण नुसता शिष्टाचाराचं हसला. “कुठली कॅसेट?” मी वर्णन केलं. टीडीके, निळं अक्षर, भाऊबीज. जिलबी अर्धी तोडून तो थांबला. “अरे, ती माझी कुठली? मला असलं काही झेपायचं नाही. मी आपला किशोरकुमार. ती रूममेटची होती. गुहागरकडचा होता. त्याला वेड होतं त्या लोकांचं. कोऱ्या कॅसेटला पैसे नसायचे, मग घरच्या जुन्या कॅसेटांवर भरायचा.” मग जरा आठवून म्हणाला, “परत द्यायची होती रे खरं तर. दोन-तीनदा मागितली त्यानं. मी म्हटलं, मिरजेला राहिलीय, आणतो. राहूनच गेलं. शेवटच्या वर्षी खोल्या बदलल्या, मग तोही आखातात गेला म्हणे.” वाढपी आला, दादानं मठ्ठा मागितला. मग त्यानं मला जागेचे भाव विचारले, आणि मी ते सांगत बसलो.

दोन-तीनदा मागितली त्यानं. पिंक फ्लॉइडसाठीच मागितली असेल. कॅसेट पुण्यात कुठंही मिळत होती म्हणा. आधी त्यानं स्वतःच आईवर गाणी भरली, तेव्हा त्यालाही काही वाटलं नसेल. विशीच्या आत आईचा आवाज ही काय जपून ठेवायची वस्तू असते? ती रोज ओरडतेच आहे. उरलेला तुकडा आपल्याकडं आहे हे त्याला माहीत तरी होतं का? का मला जसा नंतर राइट विरला की आंबा ऐकू यायला लागला, तसा त्यालाही यायचा, आणि म्हणून मागत होता? आणि ती कॅसेट नवऱ्याकडं जाऊन परत आली होती, की गेलीच नव्हती? त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी माळ्यावर चढलो. आजीच्या हंड्यापलीकडं, रद्दीच्या गठ्ठ्याखाली टू-इन-वन होता आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सात कॅसेटा. लक्ष्मी मार्केटच्या मागं एकजण अजून असली यंत्रं दुरुस्त करतो. रबरी बेल्ट वितळून गूळ झाला होता, तो बदलला. कॅसेटच्या आतला फेल्टचा ठिपका गळून पडला होता, तो त्यानं चिमट्यानं उचलून चिकटवला आणि पैसे घेतले नाहीत. वीस वर्षांत टीडीके कुणी आणली नाही म्हणाला. दुपारी मधल्या खोलीत लावली. लेक कॉटवर फोन घेऊन लोळत होती. आवाज गेलेला, वर-खाली हेलकावणारा, सगळं पाण्याखालून यावं तसं. रेडिओ. लांबची गिटार. खोकला आला तेव्हा ती फोनमधून वर न बघता म्हणाली, “दादाकाका.” शेवटचं लांब गाणं संपायला बारा मिनिटं लागतात, मी ती खाली बसून काढली. राइट विरला. खट्. आणि माझी गिटार आली, बेसूर, घाबरट, चार सूर, परत चार सूर. चौथा चक्क कोमल धैवत. चाचांनी ऐकलं असतं तर कानस फेकून मारली असती. लेकीनं डोळे मोठे केले. “हे तू वाजवलंयस?” मी हो म्हटलं. मिनिटभर ते चाललं, त्या पोराला कंटाळा आला असावा, मध्येच तोडलं. खट्.

मग खरखर, आणि खरखरीतून, अगदी जवळून, “...वाट बघत्येय. बंद कर रे आता.”

लेक उठून बसली. माझं बोट बटणावरच होतं. कोरी टेप फिरत राहिली, बटण आपोआप वर उडेपर्यंत मी ते दाबलं नाही.